एकसष्टाव्या भागावर अडलेली प्रेमकथा

पत्र: माझी मुलगी एस.वाय. बी.कॉम.ला आहे. दीड वर्षापासून ती एका अ‍ॅपवर प्रेमकथेची मालिका लिहिते. ६१ भाग झालेत, वाचकही बरेच आहेत. पण महिनाभर तिला पुढचं सुचत नाही. रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइल घेऊन बसते, ‘पुढचा भाग कधी?’ असे मेसेज आले की रडते. आता म्हणते, कॉलेज सोडून पूर्णवेळ लिहीन. यात करिअर होतं का? आणि लिहायचंच तर प्रेमकथाच का? नातेवाइकांना काय सांगू?
(एक आई, इचलकरंजी)

ताई, ६१ हा आकडा तुम्ही जाता जाता लिहिलात, पण मी तिथेच थांबले. कोणी मागे लागलेलं नसताना तुमच्या लेकीने दीड वर्ष एकच कथा धरून ठेवली. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांमध्ये हा चिवटपणा फार क्वचित दिसतो. आधी त्याबद्दल तिच्या पाठीवरून हात फिरवा, मग बाकीचं बोला.

कॉलेज मात्र सोडायचं नाही. साधा हिशेब मांडून पाहा. तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या आणि मानधन दहा टक्के धरलं, तर लेखकाच्या हातात तीस हजार येतात. आणि त्या कादंबरीला वर्ष लागलेलं असतं. मराठीत हजार प्रती खपणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. म्हणजे पहिली काही वर्षं दुसऱ्या कामाचा आधार लागणारच, आणि तो आधार बी.कॉम. देऊ शकतं.

नातेवाइकांना ना. सी. फडक्यांचं नाव सांगा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते प्राध्यापक होते आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी त्यांच्या प्रेमकादंबऱ्या उशाशी ठेवल्या. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९६२मध्ये पद्मभूषण मिळालं. कादंबरी लिहिण्याला तंत्र असतं आणि ते शिकता येतं, हे त्यांनी ठासून मांडलं. प्रेमकथेला हलकं म्हणणाऱ्यांनी दोन माणसांमधला संकोच पानभर टिकवून दाखवावा. ते किती अवघड आहे हे लिहायला बसल्यावरच कळतं.

आता या उत्तराचा पुढचा मजकूर तिला वाचायला द्या.

बाळा, तुझी प्रतिभा आटलेली नाही. तू मालिका लिहायला घेतलीस, पण मालिका लिहिणाऱ्यांच्या सवयी तुला कोणी सांगितल्याच नाहीत. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये नोरा रॉबर्ट्स नावाच्या लेखिका राहतात. फेब्रुवारी १९७९मध्ये मोठं हिमवादळ आलं, शाळा बंद, दोन लहान मुलं घरात. तेव्हा त्यांनी वही-पेन्सिल घेतली. सुरुवातीची हस्तलिखितं परत आली, पहिलं पुस्तक १९८१ साली निघालं. आज त्यांच्या कादंबऱ्या दोनशेच्या वर आहेत. मला त्यांच्या आकड्यापेक्षा दिवसाचं वेळापत्रक जास्त मोलाचं वाटतं. रोज सहा ते आठ तास लेखनाचे. पहिला खर्डा मागे वळून न पाहता शेवटपर्यंत नेतात. मग पहिल्या पानापासून दुसरा हात फिरवतात, त्यानंतर तिसरा. तीन पुस्तकांची माळ असली, तर तिन्ही एकापाठोपाठ लिहून काढतात, म्हणजे ती माणसं डोक्यात ताजी असतानाच काम होतं.

तू याच्या नेमकं उलट करतेस. लिहिलेला भाग त्याच रात्री वाचकांना देतेस. बाराव्या भागात नायकाची आई वारली असं लिहिलंस आणि एकसष्टाव्या भागात ती हवीशी वाटली, तर काय करणार? दार तूच बंद केलंस. शिवाय वाचकांच्या मेसेजमुळे कथा रोज थोडी वाकते. तेव्हा ही मालिका पाच-सहा भागांत, वाचकांना तसं सांगून, नीट पूर्ण कर. अर्धवट टाकू नकोस. पुढची मालिका मात्र सगळी लिहून झाल्याशिवाय एकही भाग देऊ नकोस. टीव्ही मालिकावाले हातात तयार भाग शिल्लक ठेवतात, त्याला ते ‘बँक’ म्हणतात. तुझी बँक रिकामी आहे, म्हणून रडू येतं.

प्रेमकथेच्या मालिकेत एक अडचण मुळातच असते. ती दोघं एकत्र आली की कथा संपते, मग दुसऱ्या पुस्तकात काय? यातून वाट काढायच्या दोन तऱ्हा आहेत. ज्युलिया क्विन यांनी २००० ते २००६ या काळात आठ भावंडांच्या एका कुटुंबावर आठ कादंबऱ्या लिहिल्या. दर पुस्तकात एका भावंडाचं प्रेम पूर्ण होतं आणि पुढचं भावंड मागच्या पुस्तकात कोपऱ्यात वावरत असतं. मुलांची नावं वयाच्या क्रमाने इंग्रजी वर्णमालेतल्या पहिल्या आठ अक्षरांवरून आहेत, त्यामुळे कोण मोठं, कोण धाकटं, हे वाचक विसरत नाही. (तुझ्या कथेत सायली, समीरा आणि सानिका आहेत असं आई लिहिते. माझा तर दोनदा गोंधळ झाला.)

दुसरी तऱ्हा रॉबर्ट्स यांची. जे. डी. रॉब या टोपणनावाने १९९५पासून त्या एकाच जोडप्यावर लिहिताहेत. न्यूयॉर्क, साल २०५८, नायिका पोलिसात. तिसऱ्या पुस्तकापर्यंत दोघं लग्नाला उभी राहतात. त्यानंतरच्या पुस्तकांत गुन्हा दर वेळी नवा असतो आणि नवरा-बायकोचं नातं हळूहळू उलगडत जातं. पन्नास पुस्तकं झाली तेव्हा कथेतलं साल जेमतेम २०६१ होतं. पंचवीस वर्षं लिहायचं आणि कथेत तीनच वर्षं जाऊ द्यायची, याला किती बारीक नोंद लागत असेल बघ.

म्हणून एक दोनशे पानी वही कर. प्रत्येक माणसाला दोन पानं दे: वय, गाव, नोकरी, कुणाशी काय नातं, कुठली गोष्ट कुणाला ठाऊक आहे आणि कुणापासून लपवली आहे. हा शेवटचा रकाना प्रेमकथेत सगळ्यात महत्त्वाचा, कारण गैरसमजावर कथा चालते आणि एखाद्याला तेच गुपित दोनदा कळलं की वाचक हसतो. शेवटी कथेचं कॅलेंडर: कुठला प्रसंग कुठल्या महिन्यात, सणाला की पावसात. सध्याचे ६१ भाग परत वाचून ही वही आधी भर. तुला पुढचं न सुचण्याचं कारण तिथेच सापडेल अशी माझी अटकळ आहे. कुठेतरी कुणीतरी फार लवकर ‘हो’ म्हणून बसलं असेल.

वेळ रोज तीच. सकाळी कॉलेजआधी दीड तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आज जिथे थांबलीस, तिथे उद्याच्या पहिल्या वाक्याची खूण ठेवून ऊठ. रात्री दोनची जागरणं आजपासून बंद.

ताई, पुन्हा तुमच्याशी. पुढे टीव्ही आणि ऑडिओ मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद लिहिण्याची कामं असतात. तिथे अशी वही ठेवणाऱ्या लेखकाची किंमत कळते, पण ते पदवीनंतर पाहू. तोवर कुणीही करार पुढे केला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याची मुदत करारात लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. लिहिलेली असेल, तर ती किती आणि पात्रांचे हक्क कुणाकडे, हे विचाराच. मालिकेत खरी मिळकत पात्रांचीच असते.

आणि सकाळच्या त्या दीड तासात तिला दूध आणायला पाठवू नका. तीन महिन्यांनी दोघी या, येताना ती वही घेऊन या.