ग्रीन कार्डाची पाच वर्षं आणि मेडिकेअरची पाच वर्षं

प्रश्न थोडक्यात असा. कर्वेनगरचे एक निवृत्त बँक अधिकारी (वय ६९) आणि त्यांच्या पत्नी (वय ६७) यांना अमेरिकन नागरिक असलेल्या मुलामार्फत मार्च २०२१ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं. राहणं न्यू जर्सीत, एडिसनला, मुलाजवळ. हिवाळ्यात पुण्याला फेरी. २०२३ मध्ये पत्नीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुण्यात झाली आणि मुक्काम जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत लांबला. मध्ये हे एकटेच तीन आठवडे एडिसनला जाऊन आले. यंदा एप्रिलमध्ये दोघांनी मेडिकेअरचा (ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारचा आरोग्य विमा) अर्ज केला आणि सलग निवासाची अट पूर्ण होत नाही म्हणून दोघांचेही अर्ज नाकारले गेले. त्यांचं म्हणणं, ‘पाच वर्षं झाली, मुलगा एवढा कर भरतो, मग नकार का? आणि आता काय करायचं?’

उत्तर :

आधी तारीख बघा. नकाराच्या पत्राला पाच आठवडे होऊन गेले आहेत, असं तुम्हीच लिहिलं आहे. फेरविचाराचा अर्ज पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत करावा लागतो, आणि पत्र त्यावरच्या तारखेपासून पाच दिवसांत मिळालं असं सोशल सिक्युरिटीवाले (मेडिकेअरचे अर्ज तपासणारं सरकारी कार्यालय) धरून चालतात. म्हणजे तुमच्या हातात चारच आठवडे उरले आहेत. हा लेख वाचून झाल्यावर पहिलं काम एसएसए-५६१ हा फॉर्म भरण्याचं. पुरावे नंतर जोडता येतात, मुदत मात्र परत येत नाही. उशिराला सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण ‘मुलगा कामात होता’ हे सबळ कारण नव्हे. मुलाने तुमच्या वतीने बोलायचं असेल तर त्याला प्रतिनिधी नेमणारा एसएसए-१६९६ हा फॉर्मही सोबत द्या. तो नसेल तर कार्यालय त्याच्याशी तुमच्या प्रकरणाबद्दल बोलणार नाही.

मुलाच्या कराचा इथे काहीही संबंध नाही, हे मी दर वेळी लिहितो. मेडिकेअरचा पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलचा भाग. तो विनाहप्ता मिळतो तो स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या अमेरिकेतल्या ४० तिमाहींच्या (साधारण दहा वर्षांच्या) कामावर. मुलाच्या कामावर नाही. तुमची इथल्या बँकेतली सगळी नोकरीही त्यात धरली जात नाही. त्यामुळे तुम्हाला हप्ता भरूनच आत जावं लागेल, आणि हप्ता भरणाऱ्या परदेशी नागरिकाला पाच वर्षांचं कलम लागू होतं.

ते कलम नीट वाचा. अर्जदार कायम निवासाचा परवाना असलेला हवा आणि अर्जाच्या महिन्याच्या लगेच आधीची पाच वर्षं त्याने अमेरिकेत सलग निवास केलेला हवा. कार्ड मिळून पाच वर्षं झाली, एवढ्याने ही अट पूर्ण होत नाही. तुम्ही आणि तुमच्यासारखे पुण्यातले कितीतरी आईवडील कार्डावरची तारीख मोजतात, आणि तिथेच फसतात. ‘ही अट भेदभावाची आहे, आव्हान द्या’ असंही तुम्ही सुचवलं आहे. तो रस्ता १९७६ मध्येच बंद झाला. मॅथ्यूज विरुद्ध डियाझ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच पाच वर्षांची अट वैध ठरवली. त्यात पैसे घालवू नका.

लढायचं ते एकाच मुद्द्यावर : २०२३ चे ते नऊ महिने म्हणजे तात्पुरती अनुपस्थिती की तुटलेला निवास? अमेरिकेतलं घर चालू असताना आणि परतायचा इरादा असताना झालेली छोटी अनुपस्थिती निवास तोडत नाही. सहा महिन्यांच्या पुढे गेलात की मात्र सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. तुमच्या अर्जासोबत शस्त्रक्रियेचा एकही कागद नव्हता. कारण द्यायचंच नाही आणि समोरच्याने ते ओळखावं, ही अपेक्षा कुठल्याच कार्यालयाकडून करू नये.

दुसरी चूक म्हणजे दोघांचं एकच पत्र. निवास प्रत्येकाचा वेगळा मोजतात. तुम्ही मध्ये परत गेल्यामुळे तुमचा एकही मुक्काम सलग सहा महिन्यांचा झालेला नाही. तुमची बाजू पत्नीपेक्षा बरी आहे, पण ती आपोआप सिद्ध होत नाही. तीन आठवडे जाऊन लगेच परत आलात, तेव्हा ती एडिसनची भेट होती की घरी परतणं होतं, असं विचारलं जाईल. फेरविचाराचे दोन स्वतंत्र अर्ज करा.

पत्नीसाठी लागणारे कागद : डिस्चार्ज समरी, दोन्ही शस्त्रक्रियांच्या तारखा, फिजिओथेरपीच्या पावत्या, आणि सर्जनचं इंग्रजीतलं पत्र, ज्यात लांबचा विमानप्रवास कोणत्या तारखेपर्यंत आणि का टाळायला सांगितला हे असेल (गुडघा बदलल्यावर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती, हे डॉक्टरच लिहितील). पत्रावर नोंदणी क्रमांक आणि आजची तारीख हवी. मागची तारीख घालून प्रमाणपत्र घेऊ नका. एक खोटा कागद उरलेले सगळे खरे कागद घेऊन बुडतो. मूळ परतीचं तिकीट आणि ते पुढे ढकलल्याचे विमान कंपनीचे ईमेल शोधा. इराद्याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. एडिसनच्या पत्त्यावरचं राज्याचं ओळखपत्र, बँकेची स्टेटमेंट, तिथल्या डॉक्टरांच्या भेटी हेही जोडा. कर्वेनगरचा फ्लॅट त्या काळात लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला असेल तर नोंदणीकृत करार इंग्रजी भाषांतरासह द्या. येण्याजाण्याच्या तारखा पासपोर्टातल्या नोंदींशी ताडून घ्या. एक दिवसाचाही फरक नको.

आता खरी काळजीची गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ‘अमेरिकेत उत्पन्न नाही म्हणून रिटर्न भरत नाही, आणि इथे बँकेत दर एप्रिलला १५-एच देत आलो आहे.’ १५-एच हा ठेवींच्या व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेला द्यायचा फॉर्म भारतातल्या रहिवाशानेच द्यायचा असे. म्हणजे तिकडे ‘मी अमेरिकेचा रहिवासी’ आणि इकडे ‘मी भारताचा रहिवासी’, दोन्हीखाली तुमची सही आहे. ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं. पेन्शन, ठेवींचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं. परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचं वेगळं निवेदन लागतं. आणि कोणी सल्ला दिला तरी अनिवासी म्हणून रिटर्न भरू नका, कारण त्याने ग्रीन कार्डच सोडून दिल्याचा अर्थ निघू शकतो. निवृत्त बँक अधिकाऱ्याला हे सांगावं लागतं याचा त्रास होतो. इकडची खाती एनआरओ (अनिवासी भारतीयांची खाती) करण्याबद्दल आणि मागच्या वर्षांच्या दुरुस्तीबद्दल दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सीएला भेटा. कोणत्या वर्षी तुम्ही कुठले रहिवासी ठरता ते दिवस मोजूनच कळेल, मी इथून सांगणार नाही.

फेरविचारात हरलात तर ६० दिवसांत न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते. ती कधी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका. पत्नीचा नवा कालावधी ऑक्टोबर २०२३ पासून धरला, तर पाच वर्षं साधारण ऑक्टोबर २०२८ मध्ये भरतील. पात्रतेच्या महिन्याआधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन अशी नोंदणीसाठी सात महिन्यांची खिडकी मिळते. ती चुकली तर पुढच्या जानेवारी ते मार्चमधल्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं, आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पार्ट बीचा (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या भागाचा) हप्ता १० टक्क्यांनी कायमचा वाढतो. तोवर पुण्याचा प्रत्येक मुक्काम सहा महिन्यांच्या बऱ्याच आत ठेवा. री-एंट्री परमिटने (लांबच्या मुक्कामानंतर अमेरिकेत परतण्याचा परवाना) ग्रीन कार्ड वाचतं. पाच वर्षांच्या मोजणीत ते मदतीला येईल असं धरू नका. शिवाय त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

खर्चाचा आकडा मुलाला आजच सांगा. २०२६ मध्ये ४० तिमाही नसलेल्यांपैकी बहुतेकांना पार्ट एला महिना ५६५ डॉलर आणि पार्ट बीला २०२.९० डॉलर पडतात. दोघांचे मिळून महिन्याला १,५३५.८० डॉलर. तोवर मार्केटप्लेसचा (खाजगी आरोग्य विम्याची सरकारी बाजारपेठ) विमा घ्या. विनाहप्ता पार्ट ए मिळत नसेल तर पासष्टीनंतरही हा विमा घेता येतो, आणि पुढची नोंदणी १ नोव्हेंबरला उघडेल. त्यावरच्या सवलतीचे नियम २०२५ च्या कायद्याने बदलले आहेत, तेव्हा न्यू जर्सीतल्या अधिकृत सल्लागाराला विचारूनच रक्कम धरा. मेडिकेडबद्दलही (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) राज्याचे नियम वेगळे असतात, आणि मुलाने सही केलेल्या आय-८६४ हमीपत्रामुळे त्याचं उत्पन्न तुमच्या खात्यात धरलं जाऊ शकतं. जिवावर बेतलं तर इमर्जन्सी विभाग तुम्हाला तपासल्याशिवाय परत पाठवू शकत नाही. तो कायदा १९८६ पासून आहे. बिल मात्र तुमच्याच नावावर येईल. फेरविचाराची बाजू तिथल्या परवानाधारक वकिलाकडून एकदा तपासून घ्या.

आणि इथली आरोग्य पॉलिसी ‘आता मेडिकेअर मिळेलच’ म्हणून मार्चमध्ये सोडलीत, असं शेवटच्या ओळीत लिहिलं आहे. मेडिकेअर मिळालं असतं तरी पुण्यातल्या उपचारांना ते जवळजवळ कधीच पैसे देत नाही. वार्षिक हप्त्याचा ३० दिवसांचा वाढीव काळ संपला असेल, पण विमा कंपनीला लेखी विनंती करून बघा, काही वेळा पॉलिसी पुन्हा चालू होते. नाही झाली तर नवी घ्या. १ एप्रिल २०२४ पासून वयाच्या अटीवर दार बंद करता येत नाही, आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे. तो पॉलिसी घेतल्या दिवशीच सुरू होतो, म्हणून परतीचं विमान पकडायच्या आधी प्रस्ताव भरून जा, आणि त्यात गुडघे, रक्तदाब, साखर, सगळं लिहा.