लेकीला दुकानात बसवू की एम. फार्मला पाठवू?

प्रश्न : राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. मुलगी बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्यात न विरघळणारी औषधं 'मायसेल' वापरून विरघळवायची, असा तिचा प्रोजेक्ट आहे. आता त्यातच एम. फार्म करायचं म्हणते. गोळी पोटात गेली की विरघळतेच की! यात दोन वर्षं कशाला घालवायची? – एक पालक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्याच फळीवरच्या कितीतरी गोळ्या पोटात नीट विरघळत नाहीत. बुरशीवरचं ग्रिसिओफल्विन तेला-तुपाच्या जेवणानंतर घ्यायला सांगतात ना? पित्तातले क्षार स्निग्ध पदार्थांसोबत मायसेल, म्हणजे अतिसूक्ष्म गोळे, बांधतात आणि औषध त्यात सामावतं. तांबड्या रश्श्याचं पातेलं नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लागतो, तसंच हे. साबणाचे कण तेलाला मधे घेऊन पाण्याकडे तोंड करतात.

एकदा तिच्या लॅबमध्ये जाऊन बघाच. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात टाकलं की तळाला बसतं. तेच ट्वीन ८० या साबणासारख्या द्रव्याच्या द्रावणात रात्रभर हलवून गाळलं, की स्वच्छ पिवळंधमक पाणी खाली उतरतं. ट्वीनसारख्या द्रव्याचं प्रमाण वाढवत नेलं, तरी आधी फारसा फरक पडत नाही. मायसेल बनू लागले की विरघळलेल्या औषधाचा आलेख सरळ वर चढतो. ते वळण म्हणजे सीएमसी, मायसेल बनायला लागणारं किमान प्रमाण. सोडियम लॉरिल सल्फेटचं ते लिटरला सुमारे ८ मिलिमोल, ट्वीन ८० चं शेकडो पटींनी कमी. हा फरक मोलाचा आहे, कारण इंजेक्शन रक्तात गेलं की पातळ होतं आणि सीएमसी जास्त असेल तर मायसेल सुटून औषध बाहेर पडतं. कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल पूर्वीपासून क्रेमोफोर (औषध विरघळवणारं तेलकट द्रव्य) आणि अल्कोहोलमध्ये देतात. त्यातल्या क्रेमोफोरची काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते. म्हणून पॉलिमरच्या मायसेलमधलं पॅक्लिटॅक्सेल तयार झालं. दक्षिण कोरियात त्याला मान्यताही मिळाली. तुमची मुलगी शिकतेय ते हे काम आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा पाठवा तिला. फक्त 'मायसेल' या एका शब्दामागे नको; फार्मास्युटिक्स घेऊ दे, म्हणजे फॉर्म्युलेशनची, औषधाला गोळी-इंजेक्शनचं रूप देण्याची, सगळी वाट खुली राहील. जीपॅट ही एम. फार्मची प्रवेश परीक्षा मनापासून द्यायला सांगा. पात्र ठरली आणि एआयसीटीईमान्य कॉलेज मिळालं, तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. नायपर या केंद्र सरकारच्या औषधशास्त्र संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तीही द्यावी. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. एचपीएलसीवर (औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) विद्यार्थी स्वतः बसतात का, की ते कुलपात असतं, एवढं तिथल्या पोरांनाच विचारा.

नोकरीसाठी मात्र पुणे, मुंबई, हैदराबादची तयारी ठेवावी लागेल. घरात हे आजच बोला.

दुकानाची चिंता कळते. बी. फार्म झाल्यावर तिची फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करून ठेवा, म्हणजे पुढं कधीही ती दुकानात बसू शकेल. पण ती बाहेरगावी शिकत असताना तिचं नाव दुकानाच्या लायसनवर लावू नका. फार्मासिस्ट दुकानात हजर असावाच लागतो, आणि अडचण आली तर तिच्या नोंदणीवर येईल. ती दोन वर्षं पगारी फार्मासिस्ट ठेवा.