किनाऱ्यावरची स्वच्छतागृहं वर्षभरात बंद का पडतात?

प्रश्न असा आहे: कोकणात किनाऱ्यांवर स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या चांगल्या बांधतात, मग वर्षाच्या आत कुलूप का लागतं? आणि तक्रार कुठं करायची?

मी कराडचा. बावीस वर्षं प्लंबिंग करतो. यावर लोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं, की आपली माणसंच नालायक, नळसुद्धा सोडत नाहीत. माझे दाजी सांगलीत सरकारी बांधकामाचे ठेके घेतात, तेही दरवर्षी दिवाळीला हेच ऐकवतात. मला ते पटत नाही आणि त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईला समुद्र दाखवायला नेलं. वय बहात्तर, शुगर, गुडघे गेलेले. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढं. गावाचं नाव लिहीत नाही. वाटेत जायची सोय नसते म्हणून आईनं पहाटेपासून घोटभर पाणीही घेतलं नव्हतं. किनाऱ्यावर पोचलो तर जांभ्याची देखणी इमारत, उद्घाटनाची पाटी आणि दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या शहाळेवाल्याकडं. तो म्हणाला, आत पाणी नाही, जाऊ नका. बाकीच्या बायका मागच्या सुरूच्या बनात जात होत्या. माझी आई खाली बसूच शकत नाही. ती काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून गाडीत बसून राहिली. ते मी विसरलेलो नाही.

हत्यारांची पिशवी गाडीत असतेच. किल्ली घेऊन आत गेलो. वर टाकी भरलेली, मोटर चालू स्थितीत, पण मेन कॉक बंद. झाडणाऱ्या मावशी रोजंदारीवर होत्या. म्हणाल्या, बेसिनचा नळ चोरीला गेला, कॉक उघडला की टाकी रिकामी होते, तीनदा ऑफिसात सांगितलं. बेसिनखाली वाळू साठली होती. तिच्यात हात घातला तर नळ तिथंच. मागचं जीआयचं (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) निपल, म्हणजे नळ जोडायचा आखूड तुकडा, गंजून तुटलेलं आणि त्याचे आटे भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे कोपऱ्याच्या जोडात, तसेच अडकलेले. चोर पान्यानं नळ फिरवून नेतो, आटे तोडून नळ वाळूत टाकून जात नाही. खाऱ्या हवेनं निपल खाल्लं होतं, कुणाचा तरी हात टेकला आणि नळ पडला. एवढ्यासाठी आख्खी इमारत बंद!

पाइप मागं कापला, चिकटवायचं सोल्युशन लावून एंड कॅप (टोकाचं बूच) बसवली, अर्धा तास थांबून कॉक उघडला. सगळीकडं पाणी आलं. मावशींनी एक कमोड घासून दिला, मग आईला हात धरून नेलं. त्यानंतर दुपारपर्यंत रांग होती. सामान वीस-पंचवीस रुपयांचं.

तर उत्तर हे आहे की बांधणाऱ्याला समुद्र कळत नाही आणि बांधल्यावर तिथं माणूस नसतो. आमच्या इकडं जे जीआय वर्षानुवर्षं टिकतं ते तिथं लवकर संपतं. स्टीलच लावायचं तर 304 ग्रेडचं नको, खाऱ्या हवेत जास्त टिकणारं 316 लावा, नाहीतर सरळ प्लॅस्टिकचे नळ आणि फायबरचे दरवाजे. लोखंडी बिजागरी तर लावूच नये. पाय धुवायचा नळ इमारतीच्या बाहेर हवा, नाहीतर पायाची वाळू ट्रॅपमध्ये (सांडपाण्याच्या जाळीखालच्या वाकात) जाऊन बसते आणि मग खोली तुंबते. पावसाळ्यात कुलूप लावून चार महिने कुणी फिरकत नाही, तेव्हा कॉक आहे तिथंच जाम होतात. पंधरा दिवसांतून एकदा एक प्लंबर फिरला तरी यातलं निम्मं होणार नाही.

पैशाचं म्हणाल तर बांधायला पर्यटनाचा निधी वरून येतो, चालवायचं गावाच्या घरपट्टीतून. पर्यटक काही घरपट्टी भरत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला नाक्यावर प्रवासी कर घेतात, त्यावर लोक कुरकुरतात, मी कुरकुरत नाही. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत 2020 ला आमचं कराड देशात पहिलं आलं. 2022 ला पाचगणी पहिली, कराड तिसरं. रोज सकाळी माणसं झाडायला रस्त्यावर उतरतात म्हणून ते झालं. कोकणातही होतंच की! 2025 मध्ये गुहागर, लाडघर, श्रीवर्धन, नागाव आणि पारनाका या किनाऱ्यांना ब्ल्यू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. त्याचे 33 निकष असतात आणि तो एकदा मिळाला म्हणजे कायमचा नसतो, पुन्हा पुन्हा तपासणी होते. मला त्यातलं हेच आवडतं.

तो तुटका नळ मी घरी आणला आणि दिवाळीत दाजींच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला. म्हणाले, एस्टिमेटमध्ये जीआय असेल तर ठेकेदार जीआयच लावणार. म्हणजे चोर नव्हता, हे त्यांनी मानलं. पण दोष अजून स्वतःकडं घेत नाहीत.

लोक घाण करत नाहीत असं माझं म्हणणं नाही. डायपर आणि पॅड कमोडमध्ये टाकणारे आहेतच, मीच काढलेत. शिवाय भरतीरेषेजवळ बांधकामाला सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची) बंधनं असतात, लहान ग्रामपंचायतीकडं माणसंही नसतात, हेही खरं.

तक्रारीचं: आधी तो किनारा नगरपंचायतीत येतो की ग्रामपंचायतीत ते बघा. त्याप्रमाणं मुख्याधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी तक्रारीचं काय होतं ते मावशींनी सांगितलंच. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज दीडशे शब्दांत बसवा. त्यात ‘बंद का आहे’ असं विचारू नका. या इमारतीच्या देखभालीवर गेल्या वर्षी किती रुपये खर्च झाले, कोणत्या बिलानं, आणि मूळ एस्टिमेटमध्ये पाइप आणि नळ कोणते धरले होते, त्या कागदांच्या प्रती मागा.