सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी मुलीचं पोट दुखतं. हे मानसिक असू शकतं का?

नववीतली मुलगी, सहा महिन्यांपासून पोटदुखी, सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले "काही नाही झालं", सासूबाई म्हणतात "नाटकं आहेत". ताई, मानसिक असू शकतं, पण ते नाटक नाही. आणि "काही नाही झालं" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे जखम किंवा सूज सापडली नाही, एवढंच. ताण, भीती, अपुरी झोप यांनी आतडं आणि मेंदू यांना जोडणाऱ्या नसा हळव्या होतात. मग दुसऱ्याला जाणवणारही नाही अशा गॅसची तिला खरोखर कळ येते.

नागपूरच्या शाळांमध्ये समुपदेशन करताना अशी मुलं सतत भेटतात. दहावीतल्या एकाची शाळा याच दुखण्यानं सुटली होती. आई गरम पाण्याची पिशवी घेऊन उशाशी, वडील दुकानातून सारखा फोन करायचे, "आता कसं आहे रे?" माया खरी होती, पण प्रत्येक फोनला त्याचं लक्ष पुन्हा पोटावर जायचं. शाळा बुडाली की अभ्यास साचायचा, अभ्यास साचला की धास्ती, आणि धास्तीनं पुन्हा पोट. व्हॅनमध्ये मोठी पोरं छळतात, हे आईवडील खोलीबाहेर गेल्यावरच त्यानं सांगितलं. म्हणून तुमच्या मुलीशीही कुणीतरी एकटीशी बोललंच पाहिजे, आणि आडून नाही, सरळ विचारलं पाहिजे: वर्गात, ट्यूशनला, मोबाईलवर कोणी त्रास देतं का? शाळेचं शौचालय घाण म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीस का? त्यातून होणारी बद्धकोष्ठताही पोट दुखवते.

"दुखणं थांबलं की जाईल शाळेत" हे उलटं आहे. आधी शाळा, दुखणं मागाहून कमी होतं. वर्गशिक्षकांशी बोलून पहिल्या आठवड्यात रोज दोनच तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. दुखत असलं तरी तेवढं जायचंच, आणि बरं वाटलं म्हणून जास्त थांबायचंही नाही. घरी राहिलीच तर शाळेच्या वेळेत मोबाईल आणि टीव्ही बंद. दिवसभर "दुखतं का" विचारू नका. संध्याकाळी दहा मिनिटं ठरवून तिचं सगळं ऐका. हे तिला आधी समजावून सांगा, नाहीतर तिला वाटेल की आपल्याला वाऱ्यावर सोडलं. सुरुवातीला तक्रार वाढते, आणि बहुतेक घरं नेमकी तिथेच माघार घेतात. पोटानं श्वास, चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. हा सराव दुखत नसताना करायचा. ऐन कळेत पहिल्यांदा केला तर जमत नाही.

रविवारी दुखत नाही, हा नाटकाचा पुरावा म्हणून सांगणाऱ्या नातेवाईकांचं ऐकू नका. ताण नसला की हळव्या नसा शांत राहतात, एवढंच त्यातून कळतं. "ताण आहे ना, मग विश्रांती द्या" म्हणणारेही तिचं तितकंच नुकसान करतात.

मात्र वजन घटत असेल, ताप येत असेल, शौचातून रक्त जात असेल, सारख्या उलट्या होत असतील, दुखण्यानं रात्री झोपमोड होत असेल किंवा सांधे सुजत असतील, तर मानसिक म्हणून बसू नका, परत डॉक्टरांकडे जा. आणि आपण विदर्भात आहोत: सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर आधी ती करा. त्याच्या कळा येऊनही सोनोग्राफी नॉर्मल असू शकते. सोल्युबिलिटी टेस्ट ही फक्त प्राथमिक चाळणी, वाहक की आजारी हे ती सांगत नाही. तिच्यावर थांबू नका, ते सांगणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करून घ्या. एएस, म्हणजे वाहक, निघाली तर रोजच्या दुखण्याचं खापर त्यावर फोडू नका. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, निघाली तर उपचारच वेगळे. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत. जगण्याचा कंटाळा आल्याचं ती बोलली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तिला एकटं सोडू नका, लगेच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.