पॅरिश प्रीस्ट: पुजारी नव्हे, मुतालिक

प्रश्न असा आला आहे: ‘माझी मुलगी इंग्लंडमध्ये राहते. तिच्या गावातलं जुनं चर्च नव्या पॅरिश प्रीस्टच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या मंडळींच्या धर्मगुरूच्या, शोधात आहे, तशी जाहिरात गावच्या पत्रकात आली. तिने ती तिथल्या मराठी मंडळींसाठी मराठीत उतरवली: “ऐतिहासिक बाजार-शहराच्या चर्चसाठी नवीन पुजारी पाहिजे.” सगळे हसले. काय लिहायला हवं होतं? पाद्री?’

हसणाऱ्यांचं काही चुकलं नाही. दर नाताळात वृत्तवाहिन्यांवर ‘चर्चचे पुजारी’ ऐकून माझ्या कपाळाची शीर उडते. पुजारी म्हटलं की पळी-पंचपात्र, अभिषेक, फुटलेला नारळ हे सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. चर्चमधला माणूस मूर्तीची षोडशोपचार पूजा करत नाही, मग तो पुजारी कुठून झाला? आपल्याला परक्या घरातली प्रत्येक वस्तू आपल्या फडताळात कोंबायची खोड आहे, दुसरं काय.

‘पाद्री’ त्यातल्या त्यात बरा, पण तोही इथे चालणार नाही. हा पोर्तुगीज ‘पाद्रे’, म्हणजे सरळ ‘बाप’. आपल्या ‘पितृ’चा लांबचा भाऊबंद. पोर्तुगीज शब्द आशियाभर कसे पांगले त्याचा हिशेब गोव्याच्या मोन्सिन्योर दालगादोंनी शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवला आहे, तरी एका लग्नाच्या पंगतीत मला एका विद्वान गृहस्थांनी ‘पायी फिरतो म्हणून पाद्री’ असं ऐकवलंच. मी श्रीखंड खात होतो म्हणून गप्प बसलो. आता बसत नाही: पायाचा नि पाद्र्याचा काडीचा संबंध नाही. मुद्दा असा की इंग्लंडच्या चर्चमध्ये, म्हणजे अँग्लिकन पंथात, 1994 पासून स्त्रियांनाही ही दीक्षा मिळते. त्या जाहिरातीला उत्तर म्हणून एखादी बाई आली, तर तिला ‘बाप’ म्हणणार का?

‘बाजार-शहर’ वाचून तर मी चष्मा काढून पुसला. अहो, आपल्याकडे याला इतका नेमका शब्द आहे की इंग्रजांनी हेवा करावा. जुन्या दप्तरात गावाच्या नावाआधी ‘मौजे’ किंवा ‘कसबे’ लिहीत. बाजार भरत नाही ते मौजे, बाजारपेठ असते ते कसबे. पुण्याच्या कसबा पेठेत राहणाऱ्यांनाही हे आठवत नाही. तेव्हा ‘मार्केट टाउन’ म्हणजे कसबा, विषय संपला. ग्लॉस्टरशरमधलं सायरेन्सेस्टर घ्या. लोकरीच्या व्यापारावर पोसलेला कसबा, भर बाजारपेठेत सेंट जॉन बॅप्टिस्टचं अवाढव्य चर्च, आणि त्या चर्चची तीन मजली दक्षिण देवडी. ती 1490 च्या सुमारास शेजारच्या मठाने बांधली आणि पुढे कित्येक वर्षं तीच गावाचं टाउन हॉल होती. चर्च, चावडी नि बाजार एका हाकेच्या अंतरात! हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे: इंग्लंडच्या चर्चचे शब्द देवळाच्या गाभाऱ्यात शोधू नका, कुलकर्ण्याच्या दप्तरात शोधा.

आता ‘पॅरिश’. यासाठीच मी लिहायला बसलो.

वसईच्या कॅथलिक मंडळींनी याला ‘धर्मग्राम’ हा देखणा शब्द घडवला आहे आणि तो रोजच्या वापरात आहे. मला तो आवडतो. फक्त तो मुळाच्या बरोबर उलटा आहे. पॅरिशचं मूळ ग्रीक ‘पारोइकिया’. ‘पारा’ म्हणजे जवळ, बाजूला. ‘ओइकोस’ म्हणजे घर. हा ‘ओइकोस’ संस्कृत ‘वेश’ या शब्दाचा सख्खा भाऊ. कपड्यांचा वेश नव्हे, घर या अर्थाचा वेश, जो ‘प्रतिवेशी’ म्हणजे शेजारी या शब्दात दडलेला आहे. ग्रीकांचा ‘पारोइकोस’ही आधी शेजारीच होता. मग अर्थ घसरला: जवळ राहतो खरा, पण आपल्यातला नाही. गावात वस्ती, पण गावकीत हक्क नाही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती लोकांना उद्देशून हाच शब्द येतो: तुम्ही या जगात पाहुणे आहात, तुमचं खरं गाव वेगळं.

मराठीत यालाच आपण ‘उपरी’ म्हणतो! आपल्या गावगाड्यात दोन प्रकारचे कुणबी होते. मिरासदार, म्हणजे पिढीजात जमिनीचा धनी. आणि उपरी, म्हणजे बाहेरून येऊन कसणारा, ज्याची मुळं दुसऱ्या गावात. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल लिहिला त्यातही मिरासी नि उपरी ही जोडी आहे. म्हणजे पॅरिश हा शब्द मुळात ‘उपऱ्यांचा मुक्काम’. आणि आज गंमत बघा: इंग्रजीत त्याच शब्दावरून झालेलं ‘पॅरोकियल’ हे विशेषण ‘स्वतःच्या गावकुसापलीकडे न पाहणारा’ अशा अर्थाने शिवीसारखं वापरतात. उपऱ्याचा मिरासदार झाला, तोही कोता! शब्दाने इतकी उलटी कोलांटी मारल्याचं दुसरं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

यावर काही जण हमखास आडवे येतात. त्यांचं म्हणणं, पॅरिश ‘पारोखुस’वरून आला. रोमन काळात सरकारी कामाने फिरणाऱ्यांना जळण नि मीठ पुरवणारा जो गावोगावचा माणूस असे, तो पारोखुस. रोमन कवी होराशियसच्या प्रवासवर्णनात तो येऊनही गेला आहे. शब्द खरा, माणूस खरा, व्युत्पत्ती मात्र ओढून आणलेली. एवढंच झालं की लॅटिनमध्ये ‘पारोइकिया’चं स्पेलिंग या शिधेवाल्याच्या नादाने बिघडून ‘पारोखिया’ झालं. जावई सासऱ्याच्या आडनावाने ओळखला जाऊ लागला म्हणून तो त्यांचा मुलगा होत नाही. (तरीही कॅथलिक कायद्याच्या लॅटिनमध्ये पॅरिश प्रीस्टला ‘पारोखुस’च म्हणतात, हे कबूल करतो. मीठ-जळण पुरवणारा! वाईट नाही.)

आणि गोव्याचा ‘फिरगज’ कसा विसरू? कोंकणीत पॅरिशला फिरगज म्हणतात. तो पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’, आणि त्याच्या पोटात आहे लॅटिन ‘फिली एक्लेझिए’, म्हणजे चर्चची लेकरं. यातून पोर्तुगीजमध्ये ‘फ्रेगेश’ झाला, ज्याचे दोन अर्थ: चर्चचा माणूस आणि दुकानातलं गिऱ्हाईक! कसब्यातल्या चर्चची याहून चांगली व्याख्या कोणी केली असेल तर मला कळवा.

आता तो माणूस. जाहिरातीत ‘पॅरिश प्रीस्ट’ असलं तरी गावात त्याला बहुधा ‘व्हिकर’ म्हणत असणार. (याचं ‘विकार’ असं मराठीकरण मी छापील पाहिलं आहे. ‘नवीन विकार पाहिजे’. देव करो नि न मिळो.) गोव्यात त्याचा ‘विगार’ झाला तो पोर्तुगीजमधून, आणि तो जास्त कानाला बसतो. हा शब्द ‘व्हिकुस’ म्हणजे गाव यावरून आला असं जे सांगतात त्यांना शांतपणे सांगा: नाही. तो ‘व्हिकिस’वरून आला, म्हणजे पाळी, बदली. व्हिकारियुस म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा असलेला. आता सांगा, दुसऱ्याच्या नावाचं वतन चालवणाऱ्याला आपल्या दप्तरात काय म्हणतात? मुतालिक!

हे नुसतं शब्दांचं साम्य नाही. मध्ययुगात गावच्या चर्चचा धनी असे ‘रेक्टर’. गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, त्याचा. पुढे मोठमोठे मठ स्वतःच रेक्टर होऊन बसले. धान्य, गवत, लाकूड यांचा थोरला दशमांश मठाच्या कोठारात, आणि गावात प्रत्यक्ष प्रार्थना चालवायला, बारशी-लग्नं-मर्तिकं सांभाळायला ठेवला एक व्हिकर. त्याच्या वाट्याला कोंबड्या, कोकरं, फळं असला धाकटा दशमांश. मालक साताऱ्यात, मुतालिक गावात, हे आपल्याला काही नवं नाही. 1536 ते 1540 या काळात आठव्या हेन्रीने मठ बुडवले. थोरला दशमांश जमीनदारांच्या घशात गेला, व्हिकर मात्र व्हिकरच राहिला. पाचशे वर्षं झाली तरी तो ‘च्या वतीने’ आहे, ज्याच्या वतीने तो मालक केव्हाच बुडाला.

वतनाबरोबर त्याची जोखीमही गेली, हे त्या जमीनदारांच्या वारसांना उशिरा कळलं. चर्चच्या वेदीकडच्या भागाची डागडुजी रेक्टरच्या माथी असे. वॉरिकशरमध्ये एका जोडप्याच्या शेताला हे जुनं झेंगट चिकटलेलं होतं. 2003 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की ते खरं आहे, भरा. बिल झालं 1 लाख 86 हजार पौंडांच्या घरात. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्याची भीती फक्त आपल्यालाच आहे असं समजू नका.

इंग्लिश चर्चच्या दप्तरात तुम्ही जिकडे हात घालाल तिकडे हे असंच सापडेल. व्हिकरच्या नेमणुकीला तिथे ‘लिव्हिंग’ म्हणत, म्हणजे उपजीविका, आपलं वतन. ते कोणाला द्यायचं हे ठरवण्याचा हक्क ‘पेट्रन’चा. पेट्रन म्हणजे कधी बिशप, कधी राजसत्ता, कधी एखादा लॉर्ड, तर कधी ऑक्सफर्ड-केंब्रिजचं कॉलेज. हा हक्क वारशाने मिळे, विकला जाई, लिलावातही निघे. 1898 च्या कायद्याने त्याला लगाम घातला तोवर ही उघड खरेदी-विक्री होती. आता 1986 च्या कायद्याने गावाने निवडलेल्या दोन प्रतिनिधींना नकाराधिकार आहे. पेट्रनने कोणीही पाठवला तरी या दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की घोडं अडलं. आणि जागा रिकामी असते त्या काळात चर्चवॉर्डन (गावाने निवडलेले चर्चचे कारभारी) आणि डीन (आसपासच्या पॅरिशांवर देखरेख करणारा) जे उत्पन्न सांभाळतात, त्यांच्या कायदेशीर पदनामाचं मराठी करायचं तर ‘जप्तीदार’ होतं. वतन अमानत पडलं म्हणतात ते हेच की.

या सगळ्यात तुमच्या मुलीचा प्रश्न बाजूला पडला, मान्य. तिने लिहावं: ‘कसब्याच्या जुन्या चर्चला नवा पाळक हवा.’ ‘पाळक’ हा आपल्या प्रॉटेस्टंट मंडळींचा घरातला शब्द आहे, मेंढपाळाशी नातं सांगतो, बाईलाही चालतो, आणि चर्च अँग्लिकन असल्याने शोभतो. कॅथलिक असतं तर वसईकरांसारखं ‘प्रमुख धर्मगुरू’. कृपा करून ‘धर्मोपदेशक’ लिहू नका. तो पुस्तकी शब्द आहे, त्याच्या नावाने कोणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘मुतालिक’ लिहा असं माझंही मन म्हणतं, पण मग पुन्हा सगळे हसतील.

आणि हो, ‘क्युरेट’ लिहू नका. ‘क्युरा’ म्हणजे काळजी, आत्म्यांची काळजी घेणारा तो क्युरेट. पण इंग्लंडमध्ये व्हिकर मुख्य आणि क्युरेट त्याच्या हाताखाली, तर खाडी ओलांडून फ्रान्समध्ये जा, क्युरे मुख्य आणि व्हिकेर हाताखाली. दोघांनी शब्द वाटून घेताना कुठेतरी पिशव्या बदलल्या.

नवा माणूस मिळाला की मुलीला त्या समारंभाला जायला सांगा. बिशप त्याला म्हणतो, ‘ही आत्म्यांची काळजी घे, जी तुझी आहे आणि माझीही.’ एवढ्याने तो पाळक झाला, पण कबजा अजून मिळालेला नाही! त्यासाठी आर्चडीकन, म्हणजे बिशपचा कारभारी, त्याला दाराशी नेतो आणि त्याचा हात किल्लीवर किंवा कडीवर ठेवतो. तलाठ्याने शेताच्या बांधावर उभं राहून द्यावा तसा हा कबजा. मग नवा पाळक आत जाऊन घंटा वाजवतो. जितके टोल, तितकी वर्षं तो टिकणार असा समज आहे, त्यामुळे सगळं गाव मान खाली घालून बोटांवर मोजत असतं.