पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र चार दिवसांपूर्वी मिळाले आणि मी ते तीनदा वाचले. गावाला लागून असलेल्या उघड्या कोळसा खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात आली आहे, पुढच्या महिन्यात तिचा मंडप उभा राहणार आहे आणि गावातली तरुण मंडळी तुलाच बोलायला उभी करणार आहेत. घरात मात्र वडील आणि काका यांच्या नावे मिळून असलेल्या तीन एकरांवरून रोज रात्री वाद होतो, कारण दोन एकरांमागे एक नोकरी हा हिशेब लावला तर घरात नोकरी एकच येते आणि दावेदार दोन आहेत. खाणीला विरोध करू, की मोबदला नीट मिळावा म्हणून भांडू, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर मी देणार नाही. ते तुझ्या गावाने आणि तुझ्या घराने द्यायचे आहे. मला त्याच्या आधीचे एक सांगायचे आहे. विरोध कर किंवा मागणी कर, पण जे म्हणशील ते लेखी दे, त्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घे, आणि पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नकोस.

हे सांगणारा माणूस एकतीस वर्षे ग्रामसेवक होता, हे तुला ठाऊक आहे. गावाचे प्रोसिडिंग बुक ज्याच्या काखेत असते, तो मी. त्या काळातली एक गोष्ट मी आजवर कोणाला सविस्तर सांगितलेली नाही.

2005 साली वर्धा नदीकाठच्या एका गावात मी होतो. शेजारची खाण वाढणार होती आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव हवा होता. मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. विषय निघताच एक म्हातारी बाई खांद्यावर विहिरीचा दोर घेऊन पुढे आली आणि तो तिने माझ्या टेबलावर, रजिस्टरच्या अगदी शेजारी ठेवला. दोराला दोन गाठी होत्या. एक जुनी, पाण्याने काळी पडून दगडासारखी घट्ट झालेली. दुसरी नव्या सुताची, अजून पांढरी. ती म्हणाली, "ही गाठ माह्या सासूनं मारली, वैशाखात पाणी इथं लागे. ही दुसरी माही. दोन सालांत नऊ हात दोर वाढवला मी." सभेत शांतता पसरली. मग कोणीतरी मुलांच्या नोकऱ्यांचा विषय काढला आणि सभा तिकडे वळली. मी रजिस्टरमध्ये लिहिले, "पाण्याच्या प्रश्नावर ग्रामस्थांनी आपली मते मांडली. सविस्तर चर्चेअंती ठराव बहुमताने मंजूर." बाईने दोर गुंडाळला आणि ती निघून गेली. तो दोर अजून ओला होता, रजिस्टरच्या पानाच्या कडेला त्याचा डाग पडला होता. गावाच्या पाण्याबद्दल त्या पानावर उरलेला पुरावा म्हणजे तो डाग.

आठ वर्षांनी विहिरी फेब्रुवारीतच कोरड्या पडू लागल्या आणि गाव टँकर व नुकसानभरपाईची मागणी घेऊन गेले, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. खाण वाढण्यापूर्वी पाणी कोठे लागत होते, याची नोंद आहे का? नोंद नव्हती. नऊ हात हा आकडा माझ्या कानांनी ऐकलेला होता आणि माझ्या हातांनी लिहिलेला नव्हता. ती बाई तोपर्यंत वारली होती.

म्हणून तुझ्या भाषणाचा मसुदा वाचून मला थोडा रागच आला, तो समजून घे. त्यात 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला मिळालेले 83.88 गुण आहेत, देशातला चौथा क्रमांक आहे, महाऔष्णिक केंद्राचे 2,920 मेगावॅट आहेत, आणि चंद्रपूरकरांच्या विरोधानंतर ताडोबाजवळच्या लोहाऱ्याची खाण कशी थांबली, हेही आहे. सगळे खरे आहे. पण चार पानांत तुझ्या गावाची एकही विहीर नाही. एक गट क्रमांक नाही, ब्लास्टिंगने तडा गेलेली एक भिंत नाही, धुळीने काळवंडून भाव पडलेल्या कापसाची एक पावती नाही. लोहाऱ्याचा अभिमान मलाही आहे. पण तिथे नवी खाण व्याघ्रप्रकल्पाच्या उंबरठ्यावर येत होती, आणि तुझ्याकडे चालू खाण वाढते आहे, जिच्यावर अर्ध्या गावाची रोजी आहे. तिथली लढाई तशीच्या तशी उचलून इथे लढता येणार नाही.

सुनावणीच्या मंडपात निर्णय होत नसतो, हेही तुमच्या मंडळींना समजावून सांग. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असतात, किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो आणि तो अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा नसतो. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि मंडळ आठ दिवसांत कागद पुढे पाठवते. निर्णयाचा विचार दिल्लीत तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे होतो. त्या समितीतील माणसांनी तुझे गाव पाहिलेले नसते. त्यांच्यापुढे एक तक्ता येतो, एका रकान्यात लोकांनी उपस्थित केलेला मुद्दा आणि शेजारच्या रकान्यात कंपनीचे उत्तर. "धूळ फार होते" असे कोणी म्हणाले, तर उत्तर येते की पाण्याचे फवारे मारले जातात. "गट क्रमांक अमुक येथील विहिरीत मे महिन्यात इतक्या मीटरवर पाणी आहे, खाण आणखी खोल गेल्यावर ते कोठे जाईल आणि पर्यायी पाणी कोण देईल" असे लेखी विचारले, तर त्याला फवाऱ्याचे उत्तर चालत नाही. व्यासपीठावर बसलेल्या मंडळाच्या अधिकाऱ्यावर ओरडून काहीही साधत नाही. तो टपाल पुढे नेणारा आहे, आणि त्याच्या थैलीत तुझा कागद पडला पाहिजे.

बहिष्काराचा विचार चालू असल्याचे तू लिहिले आहेस. कृपा करून तो डोक्यातून काढा. या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. शेजारच्या तालुक्यातली एक सुनावणी मी पाहिली आहे, जिथे सहाशे माणसे घोषणा देत उठून गेली आणि इतिवृत्त रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचले गेले. ते शेवटी वाचून दाखवणे बंधनकारक आहे, लोकांच्या भाषेत वाचणे बंधनकारक आहे, आणि हीच वेळ असते जेव्हा दमलेले, भुकेले लोक घराकडे वळतात. तू थांब. दहा बायका बरोबर थांबव. तुझा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथल्या तिथे हात वर कर, कॅमेऱ्यासमोर सांग, आणि लेखी प्रत देऊन पोच घे.

आता पाण्याकडे येतो, कारण तुझ्या गावाचे सगळ्यात मोठे देणे-घेणे पाण्याशी आहे. आपल्याकडे कोळसा बराकर नावाच्या खडकांच्या थरांत आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या वर कामठी नावाच्या थराचा वालुकाश्म आहे. पाणी धरून ठेवणारा दगड तोच. उघडी खाण त्याला चिरून खाली उतरते, आजूबाजूचे पाणी खड्ड्याकडे पाझरते आणि खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंप रात्रंदिवस ते उपसून बाहेर सोडतात. खाणीच्या पर्यावरण आघात अहवालातली पायाभूत माहिती पावसाळा सोडून एका हंगामात गोळा केलेली असते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, मंडळाच्या कार्यालयात आणि पंचायतीत पाहायला ठेवलेला असतो आणि त्याचा गोषवारा मराठीत असतो. तो उघडून आधी महिने बघ. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये विहिरी मोजल्या असतील, तर आकडे खरे असूनही त्यात वैशाख नसेल. वैशाख तुला मोजायचा आहे.

दुसरे काम यापेक्षा नीरस आहे आणि म्हणूनच ते कोणी करत नाही. ही खाण चालू आहे, म्हणजे तिला पूर्वी पर्यावरण मंजुरी मिळालेली आहे आणि त्या पत्रात अटी आहेत. मातीचे ढिगारे नदीपासून किती अंतरावर असावेत, त्यांच्यावर झाडे किती लावावीत, डंपर कोणत्या रस्त्याने जावेत, हे अशा पत्रांत लिहिलेले असते. अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, आणि विस्तार मागताना जुन्या अटींच्या पालनाचा प्रमाणित अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून घ्यावा लागतो. ते जुने पत्र मिळव. एकेका अटीसमोर जागेवरची स्थिती लिही, फोटो लाव, तारीख टाक, आणि एक प्रत नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला देऊन पोच घे. विस्ताराच्या प्रस्तावाची दुखरी नस तीच असते. शिवाय तुमच्या गावाखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी आहे का, असेल तर तिचा नकाशा अहवालात आहे का, हेही लेखी विचार. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घूसच्या आमराई वॉर्डात राहते घर जमिनीत गेले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

मुळात सुनावणी होते आहे, हेही कमी समजू नकोस. चालू कोळसा खाणींच्या विस्ताराला 2017 मध्ये काही अटींवर 40 टक्क्यांपर्यंत सुनावणीतून सूट मिळाली आणि मे 2022 मध्ये ती 50 टक्क्यांपर्यंत नेली गेली. अनेक गावांना मंडपच मिळत नाही. तुम्हाला मिळाला आहे.

मला माहीत आहे की गावात कोणीतरी तुला म्हणेल, या माणसानेच ना-हरकत लिहिली आणि आता हा शहाणपण शिकवतो. ते खरे आहे. पण मी पैसे घेतले नाहीत, ठराव बदलला नाही, आणि जे झाले नाही ते लिहिले नाही. बहुमत होते, म्हणून बहुमत लिहिले. त्या दिवशी माझ्याकडे आणखी सहा विषय होते, तहसीलची बैठक होती आणि दोन ओळींत विषय संपवायची तेव्हा रीतच होती. इतकी वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो आहे आणि यातला शब्दही खोटा नाही. तरी तिचे एक वाक्य लिहायला मला किती वेळ लागला असता? अर्धे मिनिट. निवृत्तीनंतर नऊ गावांना मी हरकती लिहून दिल्या, आणि लोक मला कागदवाला म्हणतात ते मला मान्य आहे. एका ठिकाणी तरी मातीचा ढिगारा नाल्यापासून मागे सरकला, तो जुन्या पत्रातल्या अटीवर बोट ठेवल्यामुळे, आणि ते बोट ठेवताना आमच्या हातात तीन पोच होत्या.

वडिलांशी भांडू नकोस. साठीला आलेला कोरडवाहू शेतकरी पोराच्या कायम नोकरीचे स्वप्न बघतो, यात त्यांचा लोभ नाही. उलट त्यांनाही कागदावर आण. नोकरी कोणाला, कधी, कोणत्या पदावर, दोघा भावांत उरलेल्या एका एकराचे काय, हे सगळे लेखी विचारायला लाव. 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली कलम 7 ची, म्हणजे जमीन घेण्याच्या इराद्याची, सूचना निघाली, तर हरकतीला तीसच दिवस मिळतात, म्हणून राजपत्रावर लक्ष ठेव. विरोध करणारी मुलगी आणि नोकरी मागणारा बाप एकाच दिवशी, एकाच खिडकीवर, दोन वेगळे अर्ज देऊन दोन पोच घेऊन आले, तर मला त्यात काही वावगे दिसत नाही.

येत्या रविवारी सकाळच्या बसने मी येतो. खाणीच्या बाजूच्या आणि नदीच्या बाजूच्या विहिरींची यादी गट क्रमांकासह करून ठेव, आणि मोजताना प्रत्येक विहिरीचा मालक जागेवर हवा, कारण आकड्यासमोर त्याची सही लागेल. तीस मीटरचा टेप माझ्याकडे आहे. जिथे अजून दोर वापरतात, तिथे दोरही मोजू आणि गाठी दिसल्या तर त्या कोणी, कोणत्या साली मारल्या, ते तू विचार. लिहून मी घेतो.

तुझा,
कागदवाला काका