ॲप नंतर बघू, आधी फोन कधी उचलतोस ते लिही

पाचोऱ्याच्या मुलाने विचारलंय की पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, सकाळी नऊ ते रात्री नऊ लॅपटॉपसमोर असतो, तरी खरं काम तीन तासांचंही होत नाही, तर फोन ब्लॉक करणारं चांगलं ॲप सांगा. वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. मी सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, त्यातली शेवटची पाच भुसावळच्या घरातून.

ॲप सांगत नाही. मी चार वापरली, आणि चारही बंद कशी करायची ते मला पाठ आहे.

मला उपयोग झाला तो किराणा दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरचा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पंधरा दिवस, फोन उचलला की एक रेघ आणि पुढे दोन शब्द: त्या क्षणी काय चाललं होतं. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंतच ४१ रेघा. आकडा सोड, शब्द बघ. "बिल्ड चालू", म्हणजे लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम तयार होतोय, आपण नुसते बसून. "टेस्ट चालू." "हे का फाटतंय कळेना." "रिव्ह्यूला काय उत्तर देऊ", म्हणजे माझा कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याला. "कळेना." "कळेना." फोन वाजला म्हणून उचलला, असं सात-आठ वेळाच. बाकी वेळी तो बिचारा गप्प पडला होता, मीच गेलो त्याच्याकडे. काम अडलं की मी पळत होतो. पुण्यात होतो तेव्हा टपरीवर पळायचो, चहा तरी मिळायचा.

एकदा हे दिसलं की उपाय बदलतो. आता अडलो की एकच करतो: नेमकं काय कळत नाहीये ते एका वाक्यात लिहितो. "रिफंड दोनदा जातोय" एवढं पुरत नाही. "रिफंड दोनदा जातोय, शंका रीट्रायवर, पुढे लॉगमध्ये ऑर्डर नंबर छापून बघायचा" असं. (रीट्राय म्हणजे प्रोग्रामने आपोआप केलेला पुन्हा प्रयत्न, लॉग म्हणजे प्रोग्रामची स्वतःची नोंदवही.) वाक्य पुरं होईपर्यंत निम्म्या वेळा हात कीबोर्डवरच राहतो. आमचे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. इंजिन दुसऱ्याच्या ताब्यात देताना त्याचं काय दुखतंय ते लॉगबुकात लिहिल्याशिवाय खाली उतरायचे नाहीत. मला वाटायचं सरकारी कागदपत्र. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेलं काम डोक्यात रेंगाळतं आणि पुढच्या कामाला डोकं पूर्ण मिळत नाही. पुढे २०१८ च्या अभ्यासात त्यांना असंही दिसलं की उठण्याआधी "कुठे थांबलो, परत आल्यावर काय करायचं" एवढं टिपून ठेवलं तर ते रेंगाळणं कमी होतं. म्हणजे लॉगबुकच की.

ऑफिसच्या चॅटचं मात्र वेगळं आहे, तिथे पळ काढला तरी काम केल्यासारखं वाटतं. मी अनेक वर्षं दोन मिनिटांत उत्तर देणारा माणूस म्हणून प्रसिद्ध होतो. एका कंपनीत तर चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका विझला की मॅनेजर फोन करायचा, म्हणून जेवतानाही एक हात माऊसवर. ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंच्या २००८ च्या प्रयोगात, मधेमधे अडवलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं आणि दर्जाही घसरला नाही. वाढला तो ताण आणि वैताग. फसगत होते ती इथेच: तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली कामं, बंद होत राहतात, आणि संध्याकाळी बायकोने साधं "भाजी काय करू" विचारलं तरी माणूस खेकसतो. आता टीमला सांगून टाकलंय: चॅट अकराला, दोनला आणि पाचला बघेन, सर्व्हर पडला तर फोन करा. असे फोन वर्षात तीन आले.

आणि आपल्या भागातली खरी अडचण कुठलंच ॲप सोडवत नाही. घरी आहे म्हणजे रिकामा आहे. "काय करून राहिला भो?" म्हणत शेजारचे काका येतात, हातात आधार कार्ड. पीएम किसानचं केवायसी, सातबारा, केळीच्या विम्याचा अर्ज, सुरतचं तिकीट. गल्लीतला कॉम्प्युटरवाला मीच. नाही म्हणता येत नाही, म्हणू पण नये. उद्या आपल्या घरी काही झालं तर आधी हेच लोक धावतील. मग आईलाच मध्ये घातलं. ती ओट्यावरूनच सांगते, "रविवारी सकाळी या, तवा मोकळा राहतो तो." रविवारी आठ ते दहा रांग लागते, चहा होतो, गावभराच्या बातम्या कळतात. मला तर आवडायला लागलंय.

एआयचं थोडं सांगतो, कारण पळायला ही नवी जागा झालीये. सूचना देऊन तो कोड लिहीपर्यंत चाळीस सेकंद, तेवढ्यात फोन, आणि भानावर येतो तेव्हा वीस मिनिटं गेलेली. २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. जिथे एआय वापरायची मुभा होती तिथे १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावर विचारलं तर त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर उरकलं. ती अवजारं आता बदललीत, त्या आकड्याला कवटाळून बसू नकोस. पण आपण किती काम केलं याचा आपला अंदाज किती चुकतो, ते बघ. तुझे "तीन तास" सुद्धा अंदाजच आहेत ना?

वेळेचं म्हणशील तर मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात दुपारी दोनला डोकं चालवायचा हट्ट सोड. वीज गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालतो, कूलर चालत नाही. मी सहा ते दहा अवघड काम उरकतो, तेव्हा आई सडा टाकत असते आणि कंपनीत कोणी उठलेलं नसतं. दुपारी मीटिंगा, फॉर्म, फुटकळ दुरुस्त्या. अमेरिकेचा कॉल रात्री साडेआठला, नोव्हेंबरात तिकडचं घड्याळ बदललं की साडेनऊला. म्हणून जेवण साडेसातलाच, बारा महिने. भरीत असेल त्या दिवशी कॉलवर कॅमेरा बंद, कारण तिसरी पुरी चालू असते.

तर आज एखादं जुनं कॅलेंडर काढ. आठ दिवस रेघा मार, शब्दासकट, आणि इथेच टाक. माझ्या त्या पानाचा फोटो मी खाली लावतोच, पाचव्या दिवशी "उगाच" हा शब्द सलग नऊ वेळा आलाय, हसू नकोस.